कोयनेलची बेगमी

महाबळेश्वराहून पाचगणीकडे जाताना, वेण्णा नदी जेथे कड्यावरून स्वतःला झोकून देते त्या लिंगमळ्याच्या धबधब्यापाशी दरवर्षी हजारो प्रवासी थांबतात, अंगावर तुषार घेतात, भाजलेले कणीस खातात आणि पुढे जातात; परंतु तेथील जुना वनबंगला एके काळी सिंकोना नावाच्या एका परदेशी झाडाच्या सरकारी मळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या राहण्याचा होता, ही गोष्ट त्यांच्यापैकी क्वचितच कोणाच्या कानावर आलेली असते. १८६० नंतरच्या वर्षांत मुंबई सरकारने येथे ही झाडे लावून पाहिली. सह्याद्रीच्या माथ्यावरची हवा थंड खरी, उंचीही कामापुरती. पण ज्या झाडाला बारमाही दमट हवा आणि वर्षभर बेताबेताने पडणारा पाऊस लागतो, त्याला आमच्याकडचा चार महिन्यांचा प्रलय आणि आठ महिन्यांचा कोरडेपणा कसा मानवावा? मळा फसला, यथावकाश गुंडाळला गेला आणि लिंगमळा पुन्हा जांभूळ-अंजनीच्या स्वाधीन झाला.

एवढ्याशा फसलेल्या प्रयोगाची आज आठवण काढण्याचे कारण असे की, ज्या झाडासाठी हा खटाटोप चालला होता त्याची साल, आणि पुढे त्या सालीतून काढलेले क्विनाइन, हे जवळजवळ तीनशे वर्षे हिवतापावरचे एकमेव खात्रीचे औषध होते. आमच्याकडे मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी घराघरांतून तांदूळ, सरपण, मीठ, मिरची, सुकी मासळी यांची बेगमी होते; आणि जी बाई सगळे धान्य एकाच कणगीत भरील, त्या कणगीला उंदीर लागले तर चातुर्मासात काय करायचे याचा विचार करणार नाही, तिला शेजारपाजारच्या चार जणी बोलल्याशिवाय राहत नाहीत. कोट्यवधी लोकांचे प्राण ज्याच्यावर अवलंबून होते त्या औषधाच्या बाबतीत मात्र मोठमोठ्या साम्राज्यांनी हा साधा घरगुती विवेक पाळला नाही. त्यांनी सारी बेगमी एकाच बेटावर, एकाच कणगीत ठेवली. आणि १९४२ च्या मार्च महिन्यात ती कणगी शत्रूच्या हाती गेली.

आमच्या आजोबांच्या पिढीत या औषधाला ‘कोयनेल’ म्हणत. तळकोकणातल्या एका खेड्यात ते शाळामास्तर होते आणि शाळेच्याच पडवीत पोस्टाचेही काम पाहत. त्यांच्या टेबलाच्या खणात तीन कप्पे होते: एकात तिकिटे, दुसऱ्यात कार्डे-पाकिटे आणि तिसऱ्यात कोयनेलच्या पुड्या. भाद्रपद-आश्विनात भात पोटरीला आले की गावात पाळीचा ताप सुरू होई. एक दिवसाआड येणाऱ्या तापाला एकांतरा आणि दोन दिवस चुकवून येणाऱ्याला चौथाई अशी त्याची नावे ठरलेली असत. अंगावर चार गोधड्या घालूनही माणूस गडगड कापे, नंतर भट्टीसारखा तापे, आणि घामाने चिंब होऊन उठे तो निम्मा होऊनच. काडेचिराईत आणि गुळवेल यांचा काढा देऊन झाला, अंगारे-धुपारे झाले, तरी पोराच्या डाव्या कुशीत पानथरी हाताला लागू लागली म्हणजे बाप पोस्टात येई, कनवटीचा पैसा काढून टेबलावर ठेवी आणि पुडी मागे. पुडीतली पांढरी भुकटी गुळाच्या खड्यात लपवून पोराला गिळायला लावत. गूळ आधी विरघळे आणि कडवटपणा घशाला दिवसभर चिकटून राही. ताप मात्र उतरे.

ही साल मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताची. स्पेनचे जेझुइट धर्मोपदेशक सतराव्या शतकात ती युरोपात घेऊन गेले. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली अशी आख्यायिका पुढे पसरली आणि १७४२ मध्ये लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यावरूनच झाडाचे नाव ठेवले. नाव लिहिताना त्याच्या हातून एक अक्षर गळले आणि आख्यायिकाही संशोधकांच्या कसोटीला उतरली नाही, तरी नाव टिकले. १८२० मध्ये पेल्तिये आणि काव्हांतू या पॅरिसच्या दोन औषधशास्त्रज्ञांनी सालीतले नेमके गुणकारी द्रव्य वेगळे काढले, तेच क्विनाइन. तोपर्यंत वैद्य सालीची पूड मुठीमुठीने देत आणि कोणत्या सालीत किती गुण आहे याचा अंदाज चवीवरून बांधत. आता औषध तोलून देता येऊ लागले. तोलून देता येऊ लागल्याबरोबर त्याची मागणी अफाट वाढली, कारण आफ्रिका आणि आशियातल्या दलदलीच्या मुलखांत युरोपीय फौजा आणि अंमलदार जिवंत ठेवायचे तर या औषधाखेरीज दुसरा तरणोपाय नव्हता. अँडीजच्या अरण्यांत मात्र झाडे मुळावर घाव घालून पाडली जात होती. साल संपेल ही भीती युरोपच्या राजधान्यांत १८५० च्या सुमारास बोलून दाखवली जाऊ लागली आणि तिथून या औषधाच्या रसदीचा खरा इतिहास सुरू होतो.

डचांनी प्रथम हालचाल केली. हास्कार्ल नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ खोट्या नावाने पेरू-बोलिव्हियात हिंडून रोपे आणि बी घेऊन १८५४ साली जावात उतरला. त्याच्या मागून आलेल्या युंगहून याने त्यांतल्या एका जातीची लक्षावधी झाडे वाढवली, आणि पृथक्करणात असे आढळले की तिच्या सालीत क्विनाइन नावालाच आहे. कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली. इंग्रजांचा माणूस क्लेमेंट्स मार्कहॅम हा लंडनच्या इंडिया ऑफिसातला कारकून. १८६० मध्ये त्याने स्वतः पेरूतून रोपे आणली. ती तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात होरपळून, मुंबईमार्गे निलगिरीवर पोचता पोचता जवळजवळ सगळीच मेली. त्याच मोहिमेतला रिचर्ड स्प्रूस हा मात्र, हातपाय आखडलेल्या अवस्थेत, चिंबोराझो पर्वताच्या उतारावर महिनेच्या महिने तळ ठोकून राहिला आणि तांबड्या सालीच्या सिंकोनाचे एक लाखाहून अधिक बी त्याने जमा केले. त्या बियांपासून आणि रॉबर्ट क्रॉस या माळ्याने सांभाळून आणलेल्या रोपांपासून उटकमंडच्या बागेचा अधिकारी मॅकायव्हर याने निलगिरीवर मळे उभे केले; थोड्याच काळात दार्जिलिंगजवळ मंगपूच्या डोंगरावरही लागवड झाली. लिंगमळ्याचा प्रयोग याच धांदलीतला.

आता ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे त्याचे नाव कोणत्याही बागेला दिलेले नाही. मान्वेल इंक्रा मामानी हा बोलिव्हियाचा आदिवासी. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याच्या पदरी तो चाकरीला होता. साल सोलण्याच्या धंद्यात त्याचे आयुष्य गेले होते. कोणत्या झाडाची साल खरी, हे तो पानाच्या झाकेवरून आणि फुलाच्या रंगावरून ओळखी. लेजरने त्याला उत्तम झाडाचे बी आणायला पाठवले, तेव्हा त्याने हेरून ठेवलेल्या झाडांना सलग चार वर्षे बी धरण्याच्या ऐन हंगामात हिवाने गाठले. पाचव्या वर्षी, १८६५ मध्ये, बी पिकले. बियाणे देशाबाहेर नेण्याला बोलिव्हियात बंदी होती. ते लपवून, पर्वत ओलांडून, शेकडो कोस पायी चालत मामानी तो ऐवज घेऊन किनाऱ्याजवळच्या ताकना शहरी लेजरकडे आला. सिंकोनाचे बी इतके बारीक आणि हलके असते की चिमूटभर तळहातावर घेतले तर श्वासासरशी उडून जावे. आणि त्या श्वासासरशी उडणाऱ्या बियाण्यासाठी त्याने पाच वर्षे वाट पाहिली होती.

लेजरने ते लंडनला आपल्या भावाकडे धाडले. तेथील सरकारी कचेऱ्यांत त्याला कोणी दाद दिली नाही. आम्हांला एकदा बी मिळाले आहे, पुन्हा कशाला, असा एकंदर रोख होता. भावाने उरले ते डचांना दाखवले. त्यांनीही फारशा उत्साहाने नव्हे, पण सुमारे शंभर फ्रँक मोजून एक पौंड बी घेतले. राहिलेले हिंदुस्थानातल्या एका मळेवाल्याने घेतले. परंतु त्या बियांचे खरे चीज झाले ते जावात. तेथे हजारो रोपे उगवली आणि काही वर्षांनी साल तपासली तेव्हा इतर जातींच्या सालीत जेथे शेकडा दोन-तीन भाग क्विनाइन भरे तेथे या सालीत दहा भाग आणि त्याहूनही अधिक भरले. जातीला नाव मिळाले लेजरचे. मामानीला त्याने पुन्हा एकदा बियाण्यासाठी पाठवले, तेव्हा बोलिव्हियाच्या अंमलदारांनी त्याला पकडले, कोठडीत उपाशी ठेवून मारले, आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १८७१ मध्ये, तो मेला. लेजरला म्हातारपणी डच सरकारने वर्षासन बांधून दिले. मामानीच्या वाट्याला काहीच आले नाही. पुढल्या सत्तर वर्षांत ज्या ज्या माणसाचा ताप जावाच्या क्विनाइनने उतरला, त्याच्या जीवनाचा काही अंश या अनाम राहिलेल्या माणसाच्या ऋणातला आहे, असे मला मनापासून वाटते.

जावाचे पुढचे वैभव या एक पौंड बियाण्यातून उगवले, पण ते आयते मिळाले नव्हते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. लेजरजातीचे झाड नाजूक. डचांनी त्याची कलमे तांबड्या सालीच्या दणकट खुंटावर बांधली, निवडक झाडांचेच बी धरले, बांडुंगच्या दक्षिणेकडील डोंगरांवर चिन्यिरुआनला सरकारी प्रयोगबाग चालवली आणि १८९६ मध्ये बांडुंगमध्येच क्विनाइनचा कारखाना घातला. इकडे सिलोनमध्ये कॉफीवर तांबेरा पडून मळेवाले देशोधडीला लागले होते. त्यांनी भराभर सिंकोना लावला, १८८६ च्या सुमारास तेथून वर्षाला दीड कोटी पौंड साल बाहेर पडू लागली, भाव कोसळले, आणि त्याच मळेवाल्यांनी झाडे उपटून चहा लावला. मैदानात उरला तो कसदार सालीचा जावा. १९१३ मध्ये जावातले मळेवाले आणि युरोपातले क्विनाइन बनवणारे यांनी ॲम्स्टरडॅममध्ये करार केला. साल किती काढायची, कोणी किती घ्यायची आणि कोणत्या भावाने, हे तेथल्या ‘किना ब्युरो’ नावाच्या कचेरीत ठरू लागले. १९३० च्या पुढे जगातल्या क्विनाइनपैकी शेकडा नव्वदांहून अधिक भाग एका बेटाच्या डोंगराळ कोपऱ्यातून येई आणि एका शहरातल्या एका दफ्तरातून वाटला जाई. भाव पडू नये म्हणून उत्पादनाला लगाम घालण्यात येई. ज्या वर्षांत आशिया-आफ्रिकेत तापाने माणसे मरत होती त्याच वर्षांत औषध ‘जास्त’ झाले म्हणून चिंता करणारी माणसे जगात होती.

मग हिंदुस्थानचे काय? येथे तर स्वतःचे मळे होते. मंगपूला कारखाना होता. जॉर्ज किंग यांच्या कारकीर्दीत तेथे सालीतून क्विनाइन काढण्याची स्वस्त रीत बसवली गेली. वाळलेली साल कांडून, चुना घालून, फ्यूजेल तेलात घोळवीत, तेलात उतरलेला गुण आम्लाच्या पाण्याने धुऊन काढीत आणि ते पाणी आटवले की तळाशी रेशमासारख्या बारीक पांढऱ्या सुया धरत. क्विनाइन ज्यांना परवडत नसे अशांसाठी सालीतल्या सगळ्या गुणद्रव्यांचे एकत्र मिश्रण ‘सिंकोना फेब्रिफ्यूज’ या नावाने कमी दरात काढले जाई. १८९२ पासून बंगालमध्ये एका पैशाला एक पुडी पोस्टातून विकण्याची तजवीज झाली. पुड्या बांधण्याचे काम तुरुंगातल्या कैद्यांकडून करून घेतले जाई. आणि हीच वहिवाट पुढे इतर इलाख्यांतही सुरू झाली. पोस्टमास्तरला औषधवाला बनवण्याची ही योजना ज्याला सुचली त्याची मी मनापासून वाखाणणी करतो, कारण ज्या गावात वैद्य नाही, दवाखाना नाही आणि पक्की सडकही नाही तेथेही डाकेचा हरकारा पोचत असे.

परंतु पुडी पोचण्याची वाट बांधली तरी पुडीत घालायचा माल कोठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला. १९३० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात वर्षाला सुमारे दोन लाख पौंड क्विनाइन खपे आणि त्यातले साधारण एकतृतीयांश येथे तयार होई, उरलेले जावाचे. हिवतापाच्या संशोधनातला त्या काळचा मोठा अधिकारी कर्नल जॉन सिंटन याचा हिशेब असा होता की या देशात दरसाल किमान दहा कोटी लोकांना हिवताप होतो आणि दहा लाख त्याने मरतात. दोन लाख पौंडांना दहा कोटींनी भागून पाहावे: एका रोग्याच्या वाट्याला पुरता एक ग्रॅमही येत नाही, आणि उपचारासाठी ग्रॅमभर औषध तर एका दिवसालाच लागे. म्हणजे जो खप दिसत होता तो गरजेचा नव्हता, ऐपतीचा होता. मळे वाढवा, असे तज्ज्ञ सांगत होते. सरकारी खाते मात्र बाजारात जावाचा माल मिळत असता घरचा महाग माल कशाला, या जमाखर्चात अडकून पडले. सिंकोनाला साल धरायला सात-आठ वर्षे लागतात. आज लावले नाही तर आठ वर्षांनी काय, हा प्रश्न वार्षिक अंदाजपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

बेगमीची अक्कल या अवधीत एका राष्ट्राला आली होती, आणि ती ठेच लागून आली होती. १९१४ ते १९१८ च्या युद्धात इंग्रजांच्या आरमारी वेढ्यामुळे जर्मनीला क्विनाइन मिळेनासे झाले. युद्ध संपल्यावर तेथील बायर कंपनीच्या प्रयोगशाळांनी झाडाविना औषध तयार करण्याचा ध्यास घेतला: १९३२ पर्यंत ॲटाब्रिन बाजारात आले, ज्याला इंग्रजांनी पुढे मेपाक्रीन म्हटले, आणि १९३४ मध्ये हान्स अँडरझाग याने रेसोचिन बनवले, जे घातक ठरवून बाजूला ठेवण्यात आले आणि ज्याचे नाव आपण पुढे क्लोरोक्वीन म्हणून ऐकले. जेत्यांना अशी ठेच लागली नव्हती, म्हणून त्यांनी जावावर भरवसा ठेवला.

१९३८ ते १९४० या काळात रवींद्रनाथ ठाकूर मंगपूला अनेकदा येऊन राहिले. लेखिका मैत्रेयी देवींचे पती मनमोहन सेन तेथील सिंकोनाच्या कारखान्यात अधिकारी होते आणि कवी त्यांच्याच बंगल्यात उतरत. खिडकीतून दिसणारे ढग, उतारावरची सिंकोनाची झाडी आणि कारखान्याची चिमणी हे सारे त्या वर्षांत किती निवांत असेल! पण १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि ॲम्स्टरडॅमच्या गुदामांतला साठा त्यांच्या हाती गेला. ८ मार्च १९४२ रोजी जावातल्या डच फौजेने जपान्यांपुढे शस्त्रे ठेवली. साठा गेला, मळे गेले, बांडुंगचा कारखानाही गेला. दोन वर्षांच्या आत जगाची सगळी कणगी शत्रूच्या कोठारात जाऊन पडली.

क्विनाइनच्या टंचाईचा पहिला हिशेब फिलिपाइन्समध्ये चुकता झाला. बातान द्वीपकल्पात कोंडले गेलेले अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिक अर्ध्या शिध्यावर, डासांनी भरलेल्या रानात झुंजत होते. मार्चच्या आरंभी बहुतेकांना प्रतिबंधासाठी क्विनाइन देणे थांबवावे लागले, आणि महिनाअखेर इस्पितळांत दिवसाला हजाराच्या घरात हिवतापाचे रोगी येऊ लागले. खंदकात उभा राहून बंदूक पेलण्याची ताकद ज्याच्या अंगात उरली नाही, त्याच्या शौर्याचे काय करायचे? ९ एप्रिलला सुमारे पाऊण लाख सैनिकांनी शरणागती पत्करली. उपासमार आणि ताप यांनी जपान्यांच्या आधीच त्यांना जिंकले होते.

अमेरिकेत धावपळ उडाली. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने देशभरातल्या दुकानांना आवाहन केले आणि फडताळांतल्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या पोस्टाने येऊ लागल्या. कर्नल आर्थर फिशर या वनाधिकाऱ्याने फिलिपाइन्सच्या मिंडानाओ बेटावर सिंकोनाचा एक छोटा मळा पूर्वीच उभा केला होता. बेट पडण्यापूर्वी तो विमानाने बाहेर पडला तो बियाणे बरोबर घेऊनच. हे बी अमेरिकेत रुजवून कोस्टारिकात लावण्यात आले. अँडीजच्या अरण्यांतून शास्त्रज्ञांच्या टोळ्या पुन्हा मामानीच्या वाटांनी हिंडू लागल्या आणि रानटी झाडांची साल जमवू लागल्या. १९४४ मध्ये वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी प्रयोगशाळेत क्विनाइनच्या रचनेपर्यंत पोचणारी वाट शोधली. वर्तमानपत्रांनी तिचा मोठा गजर केला, पण ती वाट इतकी लांब होती की तिने एकही पुडी भरली नाही.

या सगळ्या धावपळीत ज्यांच्याकडे विमान नव्हते, संघटना नव्हती आणि आवाहन करायला तोंडही नव्हते, ते बंगालचे शेतकरी. १९४३ च्या दुष्काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तांदूळ कोणी दडवला, नावा कोणी जप्त केल्या, कलकत्त्याच्या रस्त्यांवर भाताच्या पेजेसाठी हात पसरणारी माणसे कशी पडली, हे आपण वाचले आहे. त्या मानाने एक गोष्ट झाकलेली राहिली. सर्वांत अधिक मृत्यू झाले ते वर्षाच्या अखेरीस, शेतात नवे पीक उभे असताना आणि अन्न हळूहळू मिळू लागले असताना. आणि ते घडवणाऱ्या रोगांत हिवताप अग्रभागी होता. उपासाने खंगलेल्या देहाला ताप आला म्हणजे त्याला दुसरी पाळी क्वचितच पाहायला मिळे. भात कापायला आले होते आणि कापणारे हात गोधडीखाली थरथरत होते. अशा वेळी पोस्टातली पुडी नाहीशी झालेली, सरकारने उरलासुरला साठा नियंत्रणाखाली घेऊन त्यात लष्कराला अग्रक्रम दिलेला, आणि काळ्या बाजारात जे मिळे त्यात खडूची भेसळ. दुष्काळात आणि त्याच्या पाठोपाठच्या साथींत मिळून जवळजवळ तीस लाख माणसे मेली असे इतिहासकार मानतात. मंगपूचा कारखाना याच बंगालमध्ये होता. ज्या प्रांताच्या डोंगरावर औषधाचे झाड उभे होते त्याच प्रांताच्या सपाटीवर लोक त्या औषधावाचून मेले; आणि याचा दोष जपान्यांवर लोटून मोकळे होता येणार नाही, कारण मळे वाढवायला ऐंशी वर्षे मिळाली होती. आजोबांच्या खणातला तिसरा कप्पाही युद्धाच्या काळात रिकामा पडला होता, असे वडील सांगत. माणसे सवयीने पैसा टेबलावर ठेवत आणि आजोबा तो न बोलता परत सरकवत.

लष्कराला औषध मिळाले, पण तेही क्विनाइन नव्हे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४३ साली एक जखमी माणूस मागे न्यावा लागे तेव्हा एकशे वीस आजारी न्यावे लागत, आणि नुसत्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण फौजेच्या संख्येच्या शेकडा चौऱ्याऐंशी होते, असे सेनापती स्लिम यांनी लिहून ठेवले आहे. शत्रूच्या देशात शोधलेले मेपाक्रीन दोस्तांच्या कारखान्यांतून निघू लागले आणि त्याच्या पिवळ्याजर्द गोळ्या छावण्यांत पोचल्या. त्यांनी कातडी पिवळी पडे. पुरुषत्व जाते अशी वदंता पसरून शिपाई त्या थुंकून टाकत. स्लिम यांनी अचानक रक्त तपासून गोळ्या घेतल्या की नाही हे पाहण्याचा हुकूम काढला आणि ज्या पलटणींत शेकडा पंच्याण्णवांहून कमी लोकांच्या रक्तात औषध सापडले त्यांच्या नायकांना पदावरून काढले. तिघांना काढल्यावर उरलेल्यांना अर्थ कळला. मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला १९४४ च्या मार्चमध्ये लढलेली मराठा पलटण याच फौजेतली. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची ही मुले गावी कोयनेलचा कडवटपणा चाखून गेलेली होती. आता ती अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत, रांगेत उभी राहून, पिवळी गोळी गिळत.

आणीबाणी डोक्यावर येऊन उभी राहिल्यावर हिंदुस्थान सरकारने सिंकोनाची लागवड वाढवायला घेतली. निलगिरी, अण्णामलै आणि बंगालच्या डोंगरांवर जंगल तोडून नवे मळे आखले गेले, रोपवाटिकांना पैसा मिळाला, आणि इतकी वर्षे ज्या मंजुऱ्या दफ्तरात अडकून पडत त्या आठवड्यात सुटू लागल्या. माळ्यांनी धूळपेर व्हावी तसे ते बारीक बी वाफ्यांत पसरले, वर नेच्यांचे आच्छादन घातले, आणि रोपे बोटभर झाल्यावर ती उतारांवर नेऊन लावली. झाडे आपल्या गतीनेच वाढली. त्यांची साल सोलण्याजोगी झाली ती १९५० च्या आसपास. तोपर्यंत युद्ध संपून पाच वर्षे झाली होती, घराघरांच्या भिंतींवर डीडीटीचे फवारे मारले जात होते, आणि जर्मनांनी बाजूला टाकलेले ते रेसोचिन क्लोरोक्वीनच्या नावाने गोळीच्या रूपात दवाखान्यांत येऊन पोचले होते. मळेवाल्यांनी साल सोलली, वाळवली, कारखान्यात पाठवली, आणि तिला गिऱ्हाईक कोण याची ते वाट पाहत राहिले.